पाह्यलं तेवढंच

माझा पोरगा वीज चोरताना मेला, असं पोलिसांच्या कागदावर लिहिलं होतं. तो चोर नव्हता. एवढी एक गोष्ट कोर्टाच्या तोंडून निघावी म्हणून मी कुरखेड्याकडच्या आमच्या गावाहून गडचिरोलीले फेऱ्या मारल्या. किती, ते मोजलं नाई. लोक म्हणत, म्हातारा पैशासाठी भांडून राह्यला. म्हणोत. ज्याच्या घरी कधी आकडा नव्हता त्याच्या पोराले चोर म्हटलं तर कसं लागते, ते आकडेवाल्यांले काय समजणार?

आकडा म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाले सांगावं लागते. खांबावरून जाणाऱ्या उघड्या तारेवर बांबूने एक वाकडी तार अडकवायची आणि फुकटचा उजेड घरात घ्यायचा. त्या काळात आमचं अर्धं गाव अशाच उजेडात जेवत होतं. माझ्या घरी कंदील होता. पोरगा कधीमधी म्हणे, "बाबा, साऱ्या गावाले ताटातली भाजी दिसते. आपल्यालेच काऊन नाई?"

"घास नाकात जाते का तुया?"

"नाई जात."

"मग जेव."

तो हसे आणि जेवे. त्याने हट्ट केला नाई. मी चौथी शिकलेला माणूस, त्यातही एक वर्ष शाळेले गुरुजीच नव्हते. पण सही करतो, अंगठा देत नाई, आणि दुसऱ्याचं घेत नाई. गावात मले ताठ म्हणत. ताठच होतो.

गावाच्या कडेले एक राईस मिल होती. मिलची स्वतःची तार आमच्या बांधीवरून नाल्याच्या मोटारीकडे गेली होती. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत, चारी बाजूंनी मातीचा धुरा आणि मधात पाणी. खांब लाकडी, एक इकडे कललेला तर एक तिकडे. पोळा होऊन गेला होता आणि धान गुडघ्याले आलं होतं. पोरगा सकाळी फावडं घेऊन बांधीचं पाणी पाह्याले गेला. थोड्या वेळाने मी मागून गेलो.

तो धुऱ्याजवळ पाण्यात उताणा पडला होता. मिलची तार खांबावरून सुटून पाण्यात आली होती. वाळल्या काठीने मी तार बाजूले केली, तेवढी अक्कल तेव्हाही राह्यली होती. काखेत हात घालून त्याले धुऱ्यावर ओढलं आणि बोंब मारली. लोक येईपर्यंत मी त्याच्याजवळ एकटा होतो. डोळे उघडे होते ते मी हाताने मिटले.

मग आम्ही आमच्याकडे करतात तसंच केलं. करंट लागलेल्या माणसाले मातीत ठेवतात. माती वीज ओढून घेते, हे सारेच मानत. आमच्याच गावात एक जण खांबावरून पडला होता. त्याले शेणमातीत ठेवलं, तर उठून बसला आणि बिडी मागतली. माझा पोरगा तर त्याच्याहून दणकट होता. चार जणांनी ओली जागा खणली आणि त्याले गळ्यापर्यंत मातीत ठेवलं. त्याआधी हातापायाले माती चोळली, जोर लावून, कातडी सोलेपर्यंत. जितकी चोळाल तितकी वीज उतरते म्हणून. मीच सांगत होतो, "चोळा, अजून चोळा." त्याची माय पळत आली ती डोक्याशीच बसली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती ओठावर पाणी सोडत राह्यली. पाणी गालावरून मातीत जाई. दुपारी पोलीस आले तेव्हाही ती तशीच बसली होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आणून त्याले पुन्हा मातीत ठेवलं. या खेपेला डोक्यावरही माती टाकली.

मिलवाल्याने पोलिसांले सांगितलं, पोरगा आकडा टाकत होता, त्याच्याच ओढण्याने तार खाली आली. धुऱ्यावर एक वाकडी तार सापडली, ती पोलिसांनी आकडा म्हणून नेली. कुंपणाचा तसा तुकडा आमच्याकडे कोणत्याही धुऱ्यावर सापडते. तेरवीलेही कोणी तोंडावर बोललं नाई. पण पानठेल्यावर मी गेलो की बोलणं थांबे, आणि ज्यांच्या घरी आकडा होता तेच आधी थांबत. एकाने तर माझ्या पाठीमागे म्हटलं, "बुढ्याचा ताठा कंदिलात, पोरगा तारेवर." मी वळून त्याच्या जवळ गेलो. तो म्हणे, "बसा ना भाऊ, पान खा." मी पान खाल्लं नाई. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीची गाडी धरली.

वकील म्हाताराच होता, माझ्याच वयाचा. त्याचे वडील बाजारात बांगड्या विकत, आणि तो काळा कोट घालून कोर्टात बसे. कोटाचे खांदे विटून हिरवे झाले होते. सारं ऐकून तो म्हणाला, "देखो भाऊ, मिलवाल्यावर नुकसानभरपाईचा दावा लावू. त्याशिवाय कोर्ट तुमचं आयकणार नाई."

"मले भरपाई नको. चोर नाई म्हना, बस."

"ते म्हनाले कोर्टाले कारन लागते. पैसा मागा, मग ते बाकीचं बोलेल."

तिथून माझी साक्षीदारांशी ओळख झाली. मले वाटे, साक्षीदार म्हणजे साक्षीदार. वकिलाने समजावलं की डोळ्याने पाह्यलं तो एक. आमच्या बाजूने तो मी, आणि शेजारच्या बांधीतली एक बाई. ज्याने पाह्यलं नाई पण ज्याले विषय कळते, तो दुसरा. तो डॉक्टर, आणि चंद्रपूरहून आलेला विजेचा इन्स्पेक्टर. "आणि एक तिसरा असते," वकील म्हणाला. "त्याले कळते, पन तो कोर्टात येत नाई. तो आपल्याले सांगते, काय विचारावं."

"ज्याले कळते तोच घरी बसते?"

"कधी कधी त्याचं घरी बसनंच बरं असते, भाऊ."

हे मले तेव्हा पटलं नाई.

तो तिसरा माणूस चंद्रपूरजवळ ऊर्जानगरले राहत होता. विजेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, वकिलाच्या ओळखीचा. वकील मले सोबत घेऊन गेला, कारण साहेबाले जागेची माहिती पाहिजे होती. एकसारखी घरं, एकसारख्या मोटारसायकली, कामगारांले घेऊन जाणाऱ्या बसगाड्या, आणि सगळ्याच्या वर कारखान्याच्या धुराच्या चिमण्या. भर दुपारी साहेबाच्या ओसरीत दिवा जळत होता. कोणी मालवला नाई. मी त्या दिव्याकडे पाहत बसलो. ही वीज इथी होते, आणि इथी तिची कोणाले पर्वाच नाई.

साहेब चांगला माणूस. त्याने स्वतः पाणी आणून दिलं, खुर्ची दिली. खांब कुठी, तार कुठी, पाणी किती, सारं विचारलं. मग डॉक्टरचा कागद दोनदा वाचला.

"बाबा," तो म्हणाला, "जळाल्याची खूण तळहातावर असेल, तर त्याने तार नाहीतर आकडा हातात धरला असावा. ती पायावर, पोटरीवर असेल, तर तार आधीच पाण्यात पडली होती आणि तो चालत तिच्यावर गेला. डॉक्टरने दोन्हीकडे कातडी सोललेली लिहिली आहे. माती चोळल्यामुळे कोणती जळलेली आणि कोणती घासलेली, ते त्यांना सांगता आलं नाही. माती लावायच्या आधी तुम्ही त्याला पाहिलं. पायावर काय होतं?"

"मी तोंडाकडे पाहत होतो."

"अजिबात नाही पाहिला पाय?"

"साहेब, माझा पोरगा होता. मी तोंडाकडे पाहत होतो."

त्याने कागदाची घडी करून वकिलाच्या हातात दिली. "मग मला कोर्टात नेऊ नका. तिथे मला विचारतील, आणि मला म्हणावं लागेल की दोन्ही होऊ शकतं. इन्स्पेक्टरला खांबांबद्दल विचारा, जुन्या जोडांबद्दल विचारा. तुमच्या बाजूचं तिथेच आहे."

फाटकापर्यंत तो आमच्यासोबत आला. मातीबद्दल एक शब्द बोलला नाई. मी वाट पाहत होतो की हा आता म्हणेल, शिकलेल्या माणसाने असं केलं नसतं. म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, आणि मन हलकं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "सांभाळून जा."

घरी आल्यावर मी बायकोले सारं सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं होतं, पण तिच्यापासून लपवून मी कुठी ठेवणार होतो? ती कुकसाचं, म्हणजे धानाच्या कोंड्याचं, पोतं शिवत होती. दाभण थांबवून म्हणाली, "मग पायाले होतं म्हना."

"पाह्यलं नाई मी."

"आपला पोरगा चोर होता का?"

"नाई."

"हे खरं ना?"

"खरं."

"मग खऱ्यासाठी हो म्हटलं त खोटं कसं होते, सांगा मले."

मी म्हटलं, "शपथ घ्यावी लागते." ती म्हणाली, "आपल्या पेनाची थोडीच घ्याची हाये?" पेन म्हणजे आमचा देव. मी कंदिलाची काच पुसाले घेतली. ती पुसलेलीच होती.

तारखा पडत गेल्या. आमची साक्ष आली तेव्हा मार्कंड्याची जत्रा होती. गाडीत पाय ठेवाले जागा नव्हती. बायकोही आली होती. ती कोर्टात मागच्या बाकावर बसली, डोक्यावरून पदर घेऊन.

आधी शेजारच्या बांधीतल्या बाईले बोलावलं. तिने पोराले खांद्यावर फावडं घेऊन जाताना पाह्यलं होतं. मिलचा वकील टक्कल पडलेला आणि आवाजाने मोठा. त्याने विचारलं, "किती लांबून पाहिलं?"

"आता तुमी हायेत त्याच्याहून जवळून, भाऊ. तुमचं टक्कल चमकून राह्यलं नं, तसंच फावडं चमकत होतं."

कोर्ट हसलं. जजसाहेबांनीही मान खाली घातली. मग त्या वकिलाने विचारलं, "फावड्यासोबत तार नव्हती, हे सांगता येईल?" बाई म्हणाली, "एका खांद्यावर फावडं होतं. दुसरा खांदा पल्याडच्या बाजूले होता. तो मले कसा दिसन?" झालं. ती खरं बोलली आणि निघून गेली.

इन्स्पेक्टर आला. कोर्टाने त्याले अदबीने विचारलं, "आपलं मत काय?" तो म्हणाला, जोड जुने होते, तार आपोआप पडू शकते. मिलच्या वकिलाने विचारलं, आकड्याने ओढली तर? तो म्हणाला, तरीही पडू शकते. "मी पाहणी करायला गेलो तेव्हा तार पुन्हा वर चढवलेली होती, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही," असंही म्हणाला. तो खोटं बोलला नाई. डॉक्टरही खोटं बोलला नाई. मातीचं नाव त्याने एकदाच घेतलं, हळूच, आणि माझ्याकडे न पाहता.

मग माझं नाव पुकारलं. पिंजऱ्यात उभा राह्यलो, शपथ घेतली. आमच्या वकिलाने विचारलं, काय पाह्यलं? मी सांगितलं. सांगता सांगता म्हटलं, "तार मिलच्या सडक्या खांबावरून आपोआप पडली."

मिलचा वकील उभा राह्यला. "पडताना पाहिलं?"

"पाह्यलं नाई, पन पडलीच."

"हे यांचं मत आहे, साहेब."

जजसाहेब म्हणाले, "बाबा, पाहिलं तेवढंच सांगा. मत सांगू नका."

मले राग आला. जो तिथी नव्हता त्याले कोर्ट मत विचारते. जो तिथी होता, ज्याच्या हातात पोरगा थंड झाला, त्याले म्हणते मत सांगू नका. मी म्हटलं, "साहेब, त्याच्यापेक्षा मले जास्त माहीत हाये. तो आकडा टाकनारा नव्हता. मी बाप हाये." जजसाहेब ओरडले नाई. लिहिणाऱ्या बाईले म्हणाले, "तार पडताना साक्षीदाराने पाहिली नाही, असं घ्या." यंत्राची खटखट झाली. माझं सारं बोलणं तेवढ्यात मावलं.

आमचा वकील खाली बसला. पायाचं त्याने विचारलं नाई. उत्तर त्याले माहीत होतं. मिलच्या वकिलानेही विचारलं नाई, त्याले उत्तर माहीत नव्हतं म्हणून. मी पिंजऱ्यातून उतरत होतो. तेवढ्यात जजसाहेबच म्हणाले, "थांबा. तुम्ही सगळ्यात आधी पोहोचलात. माती लावायच्या आधी मुलाच्या पायावर जळाल्याची खूण पाहिली का?"

चांगल्या आवाजात विचारलं त्यांनी. पाणी पाहिजे का, असं विचारतात तसं. एक शब्द होता, तोंडात आलेला. मागच्या बाकावर बायको उभी राह्यली. शिपायाने तिले बसाले सांगितलं, ती बसली नाई. आमचा वकील टेबलाकडे पाहत होता. मिलचा वकील माझ्याकडे.

मी म्हटलं, "मी तोंडाकडे पाहत होतो."

"म्हणजे पाय पाहिला नाही?"

"नाई पाह्यला."

यंत्राची पुन्हा खटखट झाली.

परतीच्या गाडीत बायकोले जागा मिळाली, मी उभा होतो. ती पूर्ण रस्ता खिडकीबाहेर पाहत होती. आरमोरीले गाडी थांबली तेव्हा मी चहा घेऊन आलो. तिने घेतला नाई. चहा हातात घेऊन मी उभा राह्यलो, आणि गाडी हलली तेव्हा तो सांडला.

निकाल त्याच्या बऱ्याच दिवसांनी लागला. वकिलाने मराठीत समजावून सांगितलं. मुलगा वीज चोरत होता, हे सिद्ध होत नाही. तार मिलच्या चुकीने पडली, हेही सिद्ध होत नाही. दावा फेटाळला.

"पन भाऊ, चोर म्हटलं नाई कोर्टाने," वकील म्हणाला.

"चोर नव्हता, असं म्हटलं का?"

त्याने चष्मा काढला. "नाई."

"मग पोलिसांचा कागद?"

"तो कागद आपल्या जागी हाये." मग चष्मा पुन्हा घालून म्हणाला, "नागपूरले अपील होते."

"नागपूरले तरी त्याचा पाय दिसनार हाये का?"

मी उठलो तेव्हा तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "तुम्ही हो म्हटलं असतं, त मी तुमाले थांबवलं नसतं. खुदा माफ करे." मी म्हटलं, "माहीत हाये."

त्यानंतर बायको माझ्याशी भांडली नाई. भांडण तरी बरं. ती ताट वाढे, पाण्याचा गडवा ठेवे, आणि जे बोलायचं ते बैलांशी, कोंबड्यांशी बोले. कोणी आलं की तिने एकदा तरी म्हणावं, "आमच्या घरी खोटं चालत नाई. पोरगं गेलं तरी चालत नाई." लोक हसत. मी जेवत राही. मधल्या काळात गावात मीटर आले, आकडे गेले. ज्याने पानठेल्यावर टोमणा मारला होता, त्याच्या घरी टीव्ही आला. मी मीटर घेतलं नाई. आमचं घर अजून कंदिलावर चाललं होतं. तिने त्याबद्दल कधी काही म्हटलं नाई. कंदिलाची काच मात्र तीच पुसे.

ती आजारी पडली ते मोहफुलांच्या दिवसांत. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, आणि सावलीत तिची बाज. मी बाजूले बसून फुलांतला कचरा वेचत होतो. तिचा आवाज बारीक झाला होता. ती एकदम म्हणाली, "एक विचारू का?"

मले वाटलं, आता पायाचं विचारेल. मी ठरवलं होतं की या खेपेला हो म्हणायचं. इथी जज नाई, यंत्र नाई.

"विचार."

"कोर्टात तुमी म्हटलं, तोंडाकडे पाहत होतो."

"हो."

"मग तोंड कसं होतं, ते कोनी विचारलंच नाई तुमाले. मी बी नाई विचारलं." तिने दम घेतला. "मी आले तवा त्याचे डोळे मिटले होते. तुमी पाह्यलं तवा?"

माझ्या हातातली फुलं तशीच राह्यली. "उघडे होते. मीच मिटले."

"भ्यालेला होता का?"

"नाई. कपाळावर आठी नव्हती. केस ओले होते, एक काडी चिकटली होती, ती मी काढली. तोंड थोडं उघडं होतं, हाक मारताना असते तसं."

"तुमच्याकडे पाहत होता?"

मी फुलं खाली ठेवली. मग म्हटलं, "डोळे माझ्याकडे होते. मले पाहत होता का, ते मले सांगता येनार नाई. ते मत झालं."

ती हसली. इतक्या वर्षांनी हसली. बाजेवरून हात काढून तिने माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"मत सांगा," ती म्हणाली. "मी कोर्ट नाई."

मी म्हटलं, "पाहत होता."